एल रेआलची धावपट्टी



मिशनरी सेवेच्या इतिहासात घोडा, बैलगाडी आणि गलबत यांच्या कथा आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. आज एका मोडलेल्या विमानाची कथा ऐकू या.

दुसऱ्या महायुद्धात विमाने चालवलेल्या काही अमेरिकन ख्रिस्ती वैमानिकांनी १९४५ साली एक संस्था स्थापन केली. आज ती मिशन एव्हिएशन फेलोशिप म्हणून ओळखली जाते. सुरुवातीला तिच्याजवळ एकच विमान होते, १९३३ सालचे दुहेरी पंखांचे वाको. २३ फेब्रुवारी १९४६ रोजी बेटी ग्रीन या भगिनी दोन मिशनरींना घेऊन त्याच विमानाने कॅलिफोर्नियातून मेक्सिकोकडे निघाल्या. हे संस्थेचे पहिले उड्डाण.

मेक्सिकोच्या चियापास प्रांतात, जंगलात, एल रेआल येथे बायबल भाषांतरकारांचे प्रशिक्षण शिबिर होते. तेथे जाण्यासाठी लहानशी धावपट्टी केलेली होती. त्याच वर्षी बेटीबाई नव्या वैमानिकाच्या हाती काम सोपवत होत्या. तो नौदलात विमाने चालवलेला होता. पण तेथे उतरताना पट्टीजवळच्या झोपडीला विमान धडकले आणि मोडले. जीव वाचले, संस्थेचे एकुलते एक विमान मात्र जमिनीवर बसले.

अशा पट्ट्यांवर चूक सुधारायला जागा नसते. विमान थोडे उंचावरून किंवा थोडे वेगात आले, मागून वारा असला, गवत ओले असले, तर पट्टी पाहता पाहता संपते. पुढे डोंगर किंवा झाडे असली तर पुन्हा वर उडणेही अशक्य होते. प्रार्थनेने पट्टी लांब होत नाही. ती आधी पायी चालून मोजावी लागते.

ते विमान दुरुस्त करायला नेट सेंट हा तरुण कारागीर-वैमानिक मेक्सिकोला गेला. पुढे इक्वाडोरमध्ये १९४८ च्या डिसेंबरात तो स्वतः अपघातात जखमी झाला. तरी त्याने सेवा सोडली नाही आणि काळजीही सोडली नाही. नेहमीचा इंधनपुरवठा बंद पडला तरी इंजिन चालावे, अशी जादा सोय त्याने विमानात बसवली. ८ जानेवारी १९५६ रोजी कुरारे नदीकाठी चार सोबत्यांसह तो भाल्यांनी मारला गेला. पण त्या नदीच्या वाळूवर त्याने आपले विमान अनेकदा सुखरूप उतरवले होते.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ आठवा. जहाजावरील २७६ जणांपैकी एकाचाही नाश होणार नाही, असे वचन पौलाला मिळाले होते. तरीही खलाशी होडीतून पळू लागले तेव्हा पौलाने शताधिपतीला बजावले की, हे थांबले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. देवाचे वचन होते म्हणून खलाशांची गरज संपली नव्हती. जहाज फुटले, माणसे मात्र किनाऱ्याला लागली.

मंडळीची सहल निघते तेव्हा बसच्या दारात आपण प्रार्थना करतो. ती करावीच. पण त्याआधी टायर कोणी पाहिले? चालक रात्री झोपला होता का, हे कोणी विचारले? इतरांचे जीव आपल्या हाती असताना ही विचारपूससुद्धा प्रभूची सेवाच आहे.

प्रभू आपल्याला विश्वास देवो, आणि त्या विश्वासाला शोभेल अशी दक्षताही देवो. आमेन.