ट्रेलरची वीजजोडणी

ट्रेलरची वीजजोडणी : मोटार, ट्रॅक्टर किंवा ट्रक ओढत असलेल्या ट्रेलरच्या मागील दिव्यांना पुढच्या वाहनातून वीज व इशारे पोहोचवणारी व्यवस्था. वाहनाच्या मागे सॉकेट आणि ट्रेलरच्या केबलला प्लग असतो. दोन्हींचा प्रकार जुळत नसल्यास अडॅप्टर लावतात किंवा एक टोक बदलतात. प्रत्येक तारेचे काम आधी ओळखून मगच जोड करावा. पिनचा क्रमांक व तारेचा रंग यांवर विसंबू नये.

प्रकार : भारतीय ट्रॅक्टरांवर सहसा सात पिनांचे सॉकेट असते. १२ व्होल्टसाठी आयएसओ १७२४ या मानकातील मांडणी अशी : १ डावा इंडिकेटर (पिवळी तार), २ मागील फॉग दिवा (निळी), ३ अर्थ (पांढरी), ४ उजवा इंडिकेटर (हिरवी), ५ उजवा टेल लाइट (तपकिरी), ६ ब्रेक लाइट (लाल), ७ डावा टेल लाइट (काळी). ट्रकच्या २४ व्होल्टसाठी आयएसओ ११८५ आहे. त्यातही पिना सातच, पण पहिली पिन अर्थची आणि चौथी ब्रेक लाइटची. १२ व्होल्टचे बल्ब २४ व्होल्टवर जळतात. उलट केल्यास मंद पेटतात. तेरा पिनांच्या आयएसओ ११४४६ मध्ये पहिल्या सात पिनांची कामे १७२४ प्रमाणेच असून आठवी रिव्हर्स दिव्याची असते. नववी व दहावी ट्रेलरमधील उपकरणांना वीज देतात. सात पिनांचे अडॅप्टर लावल्यास या जादा सोयी मिळत नाहीत.

अमेरिकी बनावटीच्या बोटींच्या ट्रेलरवर बहुधा चार तारांची चपटी जोडणी असते. तीत ब्रेक व इंडिकेटर एकाच दिव्यावर चालतात. भारतीय गाडीत ही दोन कामे वेगळ्या तारांवर असल्याने केवळ तारा जोडून भागत नाही. दोन्ही इशारे एकत्र करणारा कन्व्हर्टर लागतो.

अर्थ : जोडणीतील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित तार. सर्व दिव्यांचा प्रवाह तिच्यातूनच परततो, म्हणून ती इतर तारांपेक्षा जाड असावी. ट्रॉलीच्या हुकातून किंवा सांगाड्यातून अर्थ मिळेल असे धरणे चुकीचे. गंज, रंग व ग्रीस यांमुळे तो तुटतो. अर्थ तुटला की प्रवाह दुसऱ्या बल्बच्या तारेतून वाट काढतो. इंडिकेटर दिला की टेल लाइटही लुकलुकणे, ब्रेक दाबताच बाकीचे दिवे मंदावणे ही त्याची खूण. असा दोष दिसल्यास बल्ब बदलण्याआधी अर्थची पिन (आयएसओ १७२४ मध्ये पिन ३) तपासावी.

तपासणी : टेस्ट लॅम्पने गाडीच्या सॉकेटमधील प्रत्येक पिन एकेक इशारा देऊन ओळखावी. नंतर ट्रेलरकडील तारा बॅटरीवरून फ्यूज लावून तपासाव्यात. रंगांवर भरवसा ठेवू नये, कारण दुरुस्तीत हाताला येईल ती तार वापरली जाते. शेवटी सर्व दिवे एकत्र चालवून पाहावेत. अर्थचा दोष बहुधा तेव्हा उघड होतो.

संगणकीय गाड्या : इंडिकेटर व ब्रेकचा प्रत्येक बल्ब सहसा २१ वॅटचा, म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे पावणेदोन अँपिअरचा भार. नव्या मोटारींत दिव्यांच्या तारेला थेट जोड दिल्यास नियंत्रक तो दोष समजून दिवा बंद करू शकतो. बॅटरीवरून स्वतंत्र वीज घेणारा रिले मॉड्यूल सुरक्षित. वॉरंटीच्या अटी कंपनीनुसार बदलतात.

ब्रेक : हवेचे व विजेचे ब्रेक या नोंदीत नाहीत.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ६१ नुसार ट्रेलरचीही नोंदणी होते, आणि ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांक शेवटच्या ट्रेलरवर दिसावा लागतो. दिवे व रिफ्लेक्टर यांच्या तरतुदी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये आहेत.

खराडी परिसर : पुणे–अहिल्यानगर मार्ग आणि खराडी बायपास यांवर आयटी पार्कची वाहतूक व शिरूर–हवेलीकडील ट्रॅक्टर-ट्रॉल्या एकाच रस्त्याने जातात. गाळप हंगामात ट्रॉल्यांना रेडियमच्या पट्ट्या लावण्यावर भर असतो. त्या आवश्यकच आहेत; पण रेडियम फक्त मागच्या गाडीचा उजेड परतवते. ट्रॉली थांबते आहे की वळते आहे हे मागच्या दुचाकीस्वाराला केवळ चालू ब्रेक लाइट व इंडिकेटरच सांगतात. दोन ट्रॉल्या जोडल्यास दुसऱ्या ट्रॉलीपर्यंतही केबल न्यावी. मागून येणाऱ्याला दुसरी ट्रॉलीच दिसते.