गाव सोडून गेलेली माणसे आणि धंतोली

जीर्णोद्धार समितीने देणगीदारांची यादी छापण्यासाठी तयार केली, तेव्हा एक गोष्ट सर्वांच्याच ध्यानात आली. पत्ते पाहावे तर गावचे थोडे, बाहेरचे जास्त. धंतोलीचे तर इतके की, हे मंदिर आपल्या गावाचे की नागपूरच्या त्या वस्तीचे, असा प्रश्न कोणी थट्टेने विचारलाही. ही माणसे गावातून केव्हा व कशी गेली, याची हकीकत स्मरणिकेत असावी असे समितीस वाटले, आणि धंतोलीत घर असलेला गावकरी म्हणून ते काम प्रस्तुत लेखकाकडे आले.

मुळात नागपूर हेच बाहेरून आलेल्यांचे शहर होय. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने १७०२ च्या सुमारास नाग नदीकाठची लहान लहान खेडी एकत्र करून ते वसविले. पुढे अठराव्या शतकाच्या मध्यास रघूजी भोसल्यांनी येथे राजधानी केली, तेव्हा त्यांच्यामागून शिलेदार, कारकून, भिक्षुक, सावकार आले आणि कोष्ट्यांचे माग वाढले. आपल्या गावातून मात्र त्या काळी फारसे कोणी गेले नसावे. जमीन पुष्कळ होती, कसणारे हात कमी होते.

हात कमी का होते, याचे उत्तर पाळण्यात नाही, मसणवटीत आहे. घरोघरी सहा-सात मुले होत आणि त्यांतली दोन-तीन हाती लागत. देवी, पटकी, हिवताप यांनी ती जात. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ आले, आणि १९०१ च्या शिरगणतीत अवघ्या मध्यप्रांताची लोकसंख्या मागच्या शिरगणतीपेक्षा घटलेली निघाली. नागपूर शहराची मात्र त्याच दहा वर्षांत १ लाख १७ हजारांवरून सुमारे १ लाख २७ हजार झाली. खेडी ओसरत होती तेव्हा शहर भरत होते. १९११ मध्ये प्लेगमुळे शहराचा आकडा एकदम १ लाखाच्या आसपास आला, कारण लोक शहर सोडून पळाले होते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने तर आपल्या प्रांतात हाहाकार केला. १९११ ते १९२१ या दशकात साऱ्या हिंदुस्थानची लोकसंख्या किंचित कमीच झाली. लोकसंख्याशास्त्राचे अभ्यासक १९२१ ला मोठी सीमारेषा मानतात, कारण त्यानंतर ती पुन्हा कधीही घटली नाही.

त्यानंतर जन्म वाढले असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. जन्म होते तेवढेच होते, मरणे कमी झाली. रेल्वेने धान्य पोहोचू लागले, देवीची टोचणी आली, शहरात नळाचे पाणी आले, आणि स्वातंत्र्यानंतर डी.डी.टी. फवारून हिवताप पुष्कळसा आवरला. पाळणे तितकेच हलत राहिले, पण आता त्यांतली मुले जगू लागली. याचा परिणाम शेताच्या धुऱ्यावर दिसतो. उदाहरणादाखल चाळीस एकरांचा एक कास्तकार घ्या. त्याचे चार मुलगे जगले की प्रत्येकी दहा एकर. त्या चौघांचे तीन-तीन जगले की साडेतीन एकरांहूनही कमी. कोरडवाहू कपाशीवर एवढ्यात बैलजोडी पोसली जात नाही, मग माणसे कोठून पोसावी? तिसऱ्या पिढीतला एक तरी मुलगा मग नागपूरची गाडी धरतो. भाऊबंदकीचे पुष्कळसे खटले खरे पाहता या भागाकाराचेच खटले आहेत.

गावातून ढकलणारी ही कारणे झाली. ओढून नेणारी कारणे शहरात होती. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाले. १८६७ मध्ये मुंबईहून आगगाडी आली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि ज्याच्याजवळ धुराही नव्हता त्याला महिन्याच्या महिन्याला रोख पगार मिळण्याची सोय झाली. सालदारकीत वर्षाचे धान्य आणि एक घोंगडे, गिरणीत रोकड! पाळीचा भोंगा कितीही कर्कश असला तरी गावच्या पाटलाच्या हाकेपेक्षा तो बरा वाटणारे लोक होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे अवश्य आहे, मंदिराची स्मरणिका असल्यामुळे तर अधिकच. गावातून सर्वांत आधी गेले ते ज्यांना या मंदिराच्या पायरीवर उभे राहण्याची मुभा नव्हती ते. पोटाची ओढ त्यांनाही होती. पण शहरात विहिरीवर कोणी जात विचारणार नाही, निदान गिरणीच्या फाटकावर तरी विचारणार नाही, ही आशा पोटाहून मोठी होती. तेथेही भेद होताच, तरी गावाइतका नव्हे. खेडे सोडा, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांगत आले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखोंसह बौद्ध धम्म स्वीकारला, आणि या घरांचा आपल्या यात्रेशी असलेला उरलासुरला संबंधही संपला. ते देणगीदारांच्या यादीत नाहीत. का नाहीत, हे गावाने विसरू नये.

त्यांच्यामागून गेले ते शिकणारे. हिस्लॉप व मॉरिस कॉलेजे एकोणिसाव्या शतकातच निघाली होती; १९२३ मध्ये विद्यापीठ व १९३६ मध्ये हायकोर्ट झाले. वकील, मास्तर, डॉक्टर, सेक्रेटरिएटमधील कारकून असा नवा वर्ग तयार झाला. जुन्या महाल-इतवारीच्या गल्ल्या त्यास अपुऱ्या पडू लागल्या व सीताबर्डीच्या दक्षिणेस, वर्धा रोड आणि रेल्वे यांच्या मध्ये, धंतोली आकारास आली. तिच्या शेजारचे काँग्रेसनगर १९२० च्या नागपूर काँग्रेसची आठवण देते. १९२८ मध्ये धंतोलीत रामकृष्ण आश्रम उभा राहिला. रेल्वेच्या व सरकारच्या नोकरीनिमित्त आलेल्या बंगाली मंडळींनी येथे दुर्गापूजा रुजविली. आपल्या गावचा मुलगा वार लावून जेवत शिकला, वकील झाला, तर पहिले घर त्याने याच बाजूस बांधले. मग त्याच्या घरी पुतण्या आला, मेहुणा आला, आणि एका घरामागून गावातली पाच घरे आली. इंग्लंडच्या शिरगणत्या अभ्यासून रॅव्हेन्स्टाइन या विद्वानाने १८८५ मध्येच लिहून ठेवले होते की, बहुतेक माणसे जवळच्या ठिकाणी जातात, आणि पायरीपायरीने जातात. आपल्याकडेही तेच. गाव, तालुका, नागपूर, आणि मग पुढे.

१९५१ मध्ये मालगुजारी गेली, तेव्हा मोठे वाडेही हलले. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली, मध्यप्रदेशची राजधानी भोपाळला गेली आणि धंतोलीतल्या कित्येक सरकारी नोकरांनी बिऱ्हाड उचलले. घर बदलण्याची पाळी शहरवाल्यांवरही येते, ती अशी. तरी नागपूरची वाढ थांबली नाही. १९५१ मधील सुमारे साडेचार लाखांचे हे शहर २०११ मध्ये २४ लाखांचे झाले, आणि त्या वर्षी जिल्ह्यातील दोन-तृतीयांशाहून अधिक लोक शहरवासी होते.

या सर्व हकीकतीत बायका कोठे आहेत, असे भगिनी विचारतील. योग्यच आहे. शिरगणतीतले आकडे पाहिले तर जागा बदलणाऱ्यांत स्त्रियाच अधिक, आणि त्यांचे मुख्य कारण लग्न. लेक सासरी गेली याला आपण स्थलांतर म्हणत नाही, एवढेच. हल्ली एक नवी गोष्ट झाली आहे: वावर असूनही शेतकरी मुलाला मुलगी मिळत नाही, कारण मुलीच्या बापाला नागपूर-पुण्याचा जावई हवा. गाव सोडण्याचे हे कारण कोणत्याही सरकारी तक्त्यात सापडत नाही.

आणि आता वारे पालटले आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले निघाली, म्हणजे दोघांच्या जागी दोघेही नाहीत. एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद झाली. धंतोलीतल्या जुन्या बंगल्यांच्या जागी इस्पितळे उभी राहिली आहेत. विदर्भातून, छत्तीसगडातून, मध्यप्रदेशातून आलेले रुग्णांचे नातेवाईक तेथल्या फुटपाथवर डबा सोडून बसलेले दिसतात. ज्यांनी ते बंगले बांधले, त्यांची नातवंडे पुण्यास, बंगळूरास व त्याही पलीकडे आहेत. रॅव्हेन्स्टाइनची पुढची पायरी.

जीर्णोद्धाराचा हिशेब पाहताना सभामंडपामागील दोन खोल्यांचा खर्च काहींना खटकला. मूळ आराखड्यात त्या नव्हत्या. परंतु सप्ताहास बाहेरगावाहून येणाऱ्यांपैकी पुष्कळांची गावातली घरे पडली आहेत, काहींची विकली गेली आहेत. त्यांना रात्री टेकण्यास जागा नाही, म्हणून समितीने त्या बांधल्या. एका खोलीत बायकांची सोय आहे, दुसरीत पुरुषांची, आणि किल्ली पुजाऱ्यांच्या घरी ठेविली आहे.