मुंबईची उपनगरं महापालिकेत कशी आली आणि तिथला कारभार नेमका कोणाकडे असतो?

घाटकोपरमधल्या फ्लॅटची कागदपत्रं नीट वाचली तर त्यात 'मौजे किरोळ' असं लिहिलेलं सापडू शकतं. बोरिवलीत एक्सर किंवा मागाठाणे, अंधेरीत चकाला, मोगरा, मरोळ किंवा वर्सोवा, मुलुंडच्या बाजूला नाहूर. तिथे वीस मजली टॉवर उभा असला तरी महसूल खात्याच्या दप्तरी ती जमीन अजून गावाचीच आहे.

आज ही सगळी गावं मुंबई महापालिकेच्या हद्दीत आहेत. पण ती 'मुंबई' म्हणून जन्माला आली नाहीत. रस्त्यावरचा खड्डा कोणी बुजवायचा, होर्डिंगला परवानगी कोणी द्यायची, गणपतीच्या मंडपाचा अर्ज कुठे करायचा, यावरून उपनगरांमध्ये जो गोंधळ होतो, त्याची बरीचशी उत्तरं या इतिहासात आहेत.

मुंबई वेगळी, साष्टी वेगळी

जुनी मुंबई म्हणजे कुलाबा ते माहीम-सायन. त्यापलीकडे साष्टी बेट. सतराव्या शतकात मुंबई इंग्रजांकडे गेली, तरी साष्टी पोर्तुगीजांच्या ताब्यात राहिली. मराठ्यांनी ती वसईच्या मोहिमेत जिंकली आणि 1774 मध्ये इंग्रजांनी घेतली. म्हणजे वांद्र्याच्या खाडीच्या दोन्ही बाजूंना शंभराहून जास्त वर्षं वेगवेगळी राज्यं होती.

इंग्रजी अमलातही साष्टी ठाणे जिल्ह्यात राहिली. मुंबई शहराचा स्वतःचा कायदा होता आणि 1888 चा तो कायदा आजही महापालिकेच्या कारभाराचा आधार आहे. साष्टीत मात्र गावं होती आणि रेल्वेच्या आधाराने वाढणारी छोटी शहरं होती. वांद्र्याला 1876 मध्ये स्वतःची नगरपालिका मिळाली. पुढे कुर्ल्याला होती, घाटकोपर-किरोळ अशी जोडनावाचीही होती.

शहराचा या गावांशी संबंध होता, पण तो गरजेपुरता. मुंबईला नळाचं पाणी देणारा विहार तलाव 1860 मध्ये साष्टीत बांधला गेला आणि 1879 मध्ये तुळशी. तलाव ठाणे जिल्ह्यात, पाणी मुंबईला. कचऱ्याचा प्रवास याच्या उलट झाला. 1927 मध्ये देवनारला कचराभूमी सुरू झाली, तेव्हा देवनार मुंबई शहराच्या हद्दीबाहेर होतं. शहरात येण्याआधीच शहराचा कचरा उपनगरांत पोचला होता.

मग उपनगरं मुंबईत आली कधी?

एका दिवसात नाही. 1920 मध्ये साष्टी तालुक्याचे दोन भाग करून दक्षिणेकडची 84 गावं ठाणे जिल्ह्यातून वेगळी काढली गेली आणि 'मुंबई उपनगर' जिल्हा झाला. मुख्यालय वांद्र्याला होतं.

स्वातंत्र्यानंतर, 1950 मध्ये, महापालिकेची हद्द पश्चिम रेल्वेवर जोगेश्वरीपर्यंत आणि मध्य रेल्वेवर भांडुपपर्यंत नेण्यात आली. 'बृहन्मुंबई' या शब्दातला 'बृहन्' तो हाच. अंधेरी आणि घाटकोपर या टप्प्यात आले. बोरिवली आणि मुलुंड यांना आणखी सात वर्षं लागली. फेब्रुवारी 1957 मध्ये हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत सरकली आणि तिथेच थांबली.

ती तिथे थांबली म्हणून मुलुंडच्या पुढचं ठाणे मुंबईत नाही. खरंतर ठाणं आणि मुलुंड एकाच बेटावर आहेत. ठाण्यात 1982 मध्ये स्वतंत्र महापालिका झाली, मीरा-भाईंदरमध्ये 2002 मध्ये. मुलुंड आणि दहिसरच्या हद्दीवर मुंबई महापालिका ट्रकांकडून जकात घ्यायची. जुलै 2017 मध्ये जीएसटी आल्यावर जकात गेली, पण रिक्षावाल्याला 'चेकनाका' सांगितलं की तो अजूनही बरोबर तिथेच नेतो.

विलीन होऊन काय मिळालं, काय गेलं?

मिळालेल्या गोष्टी मोठ्या आहेत. भातसा, तानसा, वैतरणा अशा दूरच्या धरणांचं पाणी, मोठी रुग्णालयं, बेस्टची बस, विभागाविभागातल्या पालिका शाळा. छोट्या नगरपालिकेला हे एकटीने जमलं नसतं. महापालिकेचं 2025-26 चं अंदाजपत्रक 74 हजार कोटींच्या वर होतं. मुलुंडची वेगळी नगरपालिका असती तर तिला यातलं किती परवडलं असतं, हा प्रश्न विचारायलाच हवा.

गेलं ते जवळपण. 2011 च्या जनगणनेत दोन्ही जिल्हे मिळून मुंबईची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख होती आणि नगरसेवक 227. म्हणजे एका नगरसेवकामागे साधारण 55 हजार माणसं. महाराष्ट्रात इतरत्र 55 हजार वस्तीच्या गावाला 'ब' वर्गाची अख्खी नगरपरिषद असते. तिथे वीसहून अधिक नगरसेवक असतात, वर नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी. मुंबईत तेवढ्याच लोकांसाठी एक नगरसेवक असतो आणि तोही आयुक्तांना हुकूम देऊ शकत नाही, कारण अंमलबजावणीचे अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे आहेत.

उपनगरांना सभागृहात वाटा कमी आहे, असं मात्र म्हणता येत नाही. 2017 च्या प्रभागरचनेत 227 पैकी 56 प्रभाग शहरात होते, 102 पश्चिम उपनगरांत आणि 69 पूर्व उपनगरांत. म्हणजे चारातले तीन नगरसेवक उपनगरांचे. लोकसंख्येचं प्रमाणही जवळपास तेच आहे. तरी मुख्यालय फोर्टमध्ये आणि बोरिवलीकराला तिथे जायचं तर लोकलने तासभर.

उपनगरांसाठी वेगळी महापालिका हवी, अशी मागणी अधूनमधून होते. पण 'मुंबईचे तुकडे' हा शब्दप्रयोग मराठी राजकारणात इतका ज्वलनशील आहे की मागणी पुढे सरकत नाही.

वॉर्ड ऑफिस, जिल्हाधिकारी की आणखी कोणी?

रोजच्या कामासाठी महापालिकेचे विभाग आहेत. दीर्घकाळ ते 24 होते, त्यातले 15 उपनगरांत. घाटकोपर 'एन' विभागात, मुलुंड 'टी', बोरिवली 'आर मध्य'. अंधेरीचे दोन भाग : 'के पूर्व' आणि 'के पश्चिम'. विभागाचा प्रमुख सहायक आयुक्त असतो. कचरा, गटार, पाणी, गल्लीतला रस्ता, अनधिकृत बांधकाम ही कामं इथली. तक्रारीचा फोन 1916.

जिल्हाधिकारी वेगळे. 1990 मध्ये मुंबई उपनगर पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला, कुर्ला, अंधेरी आणि बोरिवली या तीन तालुक्यांचा. मिळकत पत्रिका, सरकारी जमीन, उत्पन्न आणि अधिवास दाखले हा महसूल खात्याचा कारभार. संपूर्ण जिल्हा शहरी असल्यामुळे इथे जिल्हा परिषद नाही.

खरी अडचण यापुढे सुरू होते. उपनगरांतल्या कितीतरी जमिनीवर महापालिका आणि जिल्हाधिकारी या दोघांशिवाय तिसरंच कोणीतरी असतं. रेल्वे, विमानतळ, म्हाडाच्या वसाहती, अंधेरीची एमआयडीसी, आरेची जमीन, राष्ट्रीय उद्यानाचं वन खातं.

3 जुलै 2018 रोजी अंधेरी स्थानकाजवळच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. लगेच प्रश्न आला : पूल रेल्वेचा की महापालिकेचा? नोव्हेंबर 2022 मध्ये पूल पूर्ण बंद झाला. फेब्रुवारी 2024 मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली, तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची उंचीच जुळत नव्हती. पूर्ण पूल खुला व्हायला मे 2025 उजाडला. अंधेरी पूर्व-पश्चिम करणाऱ्यांनी ही वर्षं वळसे घालत काढली.

घाटकोपरची घटना याहून भीषण. 13 मे 2024 च्या वादळात छेडा नगरजवळचं प्रचंड होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं आणि 17 जणांचा जीव गेला. महापालिकेच्या नियमात होर्डिंगची कमाल मर्यादा 40 बाय 40 फूट होती, हे होर्डिंग 120 बाय 120 फुटांचं होतं. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली, परवानगीही त्यांचीच. महापालिकेचं म्हणणं, आमची परवानगी घेतलीच नव्हती. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला ही जमीन कोणाची, हे कळण्याचा काही मार्ग नसतो.

नगरसेवक नसतात तेव्हा

7 मार्च 2022 रोजी महापालिकेची मुदत संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकले. सभागृहाचे अधिकार प्रशासक म्हणून आयुक्तांकडेच गेले. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितल्या आणि मतदान झालं ते 15 जानेवारी 2026 ला. त्याआधीचं मतदान फेब्रुवारी 2017 मधलं. 2017 मध्ये नुकताच अठरा वर्षांचा झालेला मतदार पुढच्या पालिका मतदानाला सत्तावीस वर्षांचा झाला होता.

या काळात कचरा उचलला गेला, पाणी आलं. पण नगरसेवकांची प्रभाग समिती नव्हती आणि अंदाजपत्रकावर सभागृहात चर्चा नव्हती. आपल्या गल्लीचं काम यादीत का नाही, असं अधिकाऱ्याला चारचौघांत विचारणारा निवडून आलेला माणूसही नव्हता.

मंडप, नाट्यगृह आणि जोशी लेन

उपनगरातल्या माणसाचा पालिकेशी संबंध तक्रारीपुरताच असतो असं नाही. रस्त्यावर गणपतीचा मंडप घालायचा तर महापालिकेची परवानगी लागते, सोबत स्थानिक आणि वाहतूक पोलिसांची. आझाद नगरचा 'अंधेरीचा राजा' 1966 पासून बसतो आणि त्याचं विसर्जन अनंत चतुर्दशीला न होता नंतरच्या संकष्टीला वर्सोव्याला होतं. म्हणजे इतरांची आवराआवर झाल्यावर अंधेरीत बंदोबस्त पुन्हा लागतो. मुलुंडचं कालिदास, विलेपार्ल्याचं दीनानाथ मंगेशकर, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे ही नाट्यगृहंही महापालिकेचीच. शाळांची संमेलनं, मंडळांचे वर्धापनदिन आणि रविवारचे नाटकाचे प्रयोग, सगळ्यांना तारीख तिथेच मागावी लागते.

लोकांनी आधी केलं आणि पालिकेने मागून स्वीकारलं, असंही घडलं आहे. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी ओला-सुका कचरा वेगळा करायला सुरुवात केली, ओल्याचं खत केलं आणि गल्लीची देखरेख आपल्याकडे घेतली. महापालिकेने ती पद्धत उचलून शहरभर नेली. आज 'एएलएम' म्हणून ओळखले जाणारे रहिवाशांचे गट तिथून सुरू झाले. असा गट करायचा असेल तर आपल्या गल्लीतल्या इमारतींनी एकत्र येऊन नोंदणी करायची ती वॉर्ड ऑफिसच्या घनकचरा विभागात.