तळणीचं खग्रास ग्रहण

आजची गोष्ट 22 जानेवारी 1898 ची. त्या दिवशी पौष अमावास्या होती. भर दुपारी चंद्राची सावली कोकण किनाऱ्यावर टेकली आणि देश, वऱ्हाड ओलांडत ईशान्येला निघून गेली. सावलीच्या त्या वाटेवर जेमतेम दोन मिनिटं अंधार पडला.

ते पाहायला परदेशातून शास्त्रज्ञ आले होते. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकयर होते, सोलापूरकडच्या जेऊरला आपल्या पुण्याचे कावसजी नायगमवाला होते. आणि वऱ्हाडातल्या तळणीला कॅमेरा लावून उभी होती एक बाई, ॲनी माँडर.

ॲनी लंडनजवळच्या ग्रीनिच वेधशाळेत आकडेमोड करायची. 1895 साली लग्न झालं आणि नियमाप्रमाणे नोकरी सोडावी लागली. पण आकाश कोण सोडायला लावणार? तळणीला तिनं झाकल्या सूर्याभोवतीच्या प्रभेचा फोटो घेतला. तोवर कुणाच्याही फोटोत न आलेला लांब किरण त्यात उमटला. तरी इंग्लंडच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं बायकांना सभासद करून घेतलं ते 1916 साली.

इतक्या लांबून माणसं आली, कारण ग्रहणाची वेळ आणि जागा आधीच गणितानं कळली होती. अमावास्येला चंद्र सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधे येतो. मग दर अमावास्येला ग्रहण का नाही? चंद्राची वाट पाच अंशांनी तिरकी आहे, म्हणून त्याची सावली बहुतेक वेळा पृथ्वीच्या वरून किंवा खालून निघून जाते. तिघं नेमके एका रेषेत आले, तरच ग्रहण. पौर्णिमेला पृथ्वी मधे आली, तर चंद्रग्रहण.

हीच रेष समुद्रालाही कळते. चंद्र पाणी ओढतो, सूर्यही ओढतो. अमावास्या-पौर्णिमेला दोघांची ओढ जुळते, म्हणून उधाण येतं. अष्टमीच्या सुमारास ती आडवी पडते, तेव्हा भांगाची भरती. कोळणींना हे कुणी शिकवावं लागत नाही.

म्हणजे ग्रहण ही नुसती सावली. गरोदर बाईनं भाजी चिरली काय, पाणी प्यायली काय, सावलीला त्याचं काही नाही. तिला दिवसभर उपाशी, अंधाऱ्या खोलीत बसवलं, तर त्रास तिलाच होतो.

जपायचं ते डोळ्यांना. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका, काजळी धरलेल्या काचेतूनही नको. सूर्याकडे पाठ करून अंगणात चाळण धरा. भोकाभोकांतून जमिनीवर सूर्याच्या कोरी उतरतील. घरातल्या सुनेलाही दाखवायला बोलवा.