आधी निकाल, मग वाचन

कथा वाचण्यापूर्वी तिच्यावरील परीक्षण वाचावे की वाचू नये, हा प्रश्न वाङ्मयाच्या चर्चेत अधूनमधून निघतो. निघतो तेव्हा तो रुचीचा प्रश्न म्हणूनच निघतो. कोरी पाटी घेऊन कलाकृतीपाशी जावे, असे एकजण म्हणतो. जाणकाराचे बोट धरून जावे, असे दुसरा म्हणतो. दोघांच्याही घरी पुस्तकांचे कपाट असते, हे मात्र दोघेही सांगत नाहीत. ज्याच्या घरी कपाट आहे त्यालाच आधी काय आणि नंतर काय हे निवडता येते. कुरकुंभला आमच्या घरात माझ्या शाळेच्या पुस्तकांपूर्वी छापील कागद म्हणजे भिंतीवरची दिनदर्शिका, बाबासाहेबांच्या तसबिरीची. त्यामुळे या प्रश्नाकडे रुचीचा प्रश्न म्हणून पाहणे मला जमत नाही. मला तो इतिहासाचा प्रश्न वाटतो. या भूमीत कोणाच्या लिहिण्यावर निकाल आधी लागला आणि वाचन मागाहून झाले, किंवा झालेच नाही, असा तो प्रश्न आहे.

आधी माझाच गुन्हा सांगतो. एम. ए. च्या परीक्षेत मी बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेवर चार पाने लिहिली. गुण चांगले पडले. कथा मी वाचलेली नव्हती. बाजारात मिळणाऱ्या एका मार्गदर्शिकेतले परीक्षण वाचले होते आणि त्यात एक वाक्य होते, की या कथेत कलात्मकतेपेक्षा आक्रोशाचा सूर अधिक आहे. ते वाक्य मी पाठ केले, पेपरात उतरवले आणि पुढे प्राध्यापक झाल्यावर दोन वर्षे फळ्यावरही लिहिले. ज्या वस्तीत मी जन्मलो तिच्याच वेदनेतून आलेल्या कथेबद्दल मी परक्याचा निकाल माझ्या हस्ताक्षरात वाटत होतो. त्यात मला काही वावगेही वाटत नव्हते. परीक्षण वाचले म्हणजे कथा वाचलीच, अशी माझी समजूत होती.

हा दोष माझ्या आळसाचा आहे, हे कबूल. पण निकाल आधी आणि वाचन नंतर ही रीत काही माझ्यापासून सुरू झालेली नाही.

पुण्याहून शिरूरला जाताना वाघोली लागते. तुकोबांच्या चरित्राची जी परंपरा आहे तिच्यात या वाघोलीच्या रामेश्वरभट्टांचे नाव येते. शूद्राच्या मुखातून वेदांचा अर्थ निघतो हा आक्षेप, आणि वह्या इंद्रायणीत बुडवाव्यात हा निकाल. परंपरेतले चमत्कार बाजूला ठेवा आणि आक्षेपाची जात पाहा. अभंग वाईट आहेत असे कोणी म्हणाले नव्हते. त्यांत वेदार्थ आहे, हे आक्षेपातच मान्य होते. आक्षेप होता तो मुखावर. म्हणजे परीक्षण अभंगांचे नव्हते, अभंगकाराचे होते, आणि त्यासाठी वह्या उघडण्याची गरज नव्हती. पुढे हेच रामेश्वरभट्ट तुकोबांचे शिष्य झाले, असेही परंपरा सांगते. वाचन झाले तर! पण वह्या पाण्यात गेल्यानंतर.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले आणि पुण्याच्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. कमिटीतल्या भटसभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही आणि नाटक नापसंत झाले, असे जोतीरावांनीच नंतर 'गुलामगिरी'त नोंदवले आहे. दक्षिणा हा शब्दच बघा. पेशवाईत ब्राह्मणांना वाटायचा पैसा इंग्रजी अमलात ग्रंथकारांच्या बक्षिसाकडे वळला, पण ग्रंथ पारखणारे डोळे बऱ्याच अंशी तेच राहिले. जोशीबुवाकडून नागवले जाणारे कुणबी जोडपे शेवटी शाळेची वाट धरते, असे हे नाटक. ते छापून लोकांपुढे आले १९७९ साली, 'पुरोगामी सत्यशोधक'च्या अंकात. निकाल आणि वाचन यांमध्ये एकशे चोवीस वर्षे गेली. मराठी नाटकाचा इतिहास लिहिणारांनी या काळात आपापले ग्रंथ पुरे केले, आवृत्त्या काढल्या. ज्यांनी 'तृतीय रत्न' पाहिलेच नाही त्यांना दोष काय द्यावा? पण न वाचलेल्या पुस्तकाची जागा इतिहासात रिकामी राहत नाही. ती दुसऱ्या कोणाच्या तरी नावे लागते, सातबाऱ्यावर लागते तशी.

'तृतीय रत्न' वाचकापर्यंत पोचलेच नाही. जी पुस्तके पोचली त्यांच्यासाठी दुसरी युक्ती होती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ मध्ये सुरू झाली. तिच्यात त्यांनी जोतीरावांच्या लेखनाचा समाचार घेतला तो मुख्यतः व्याकरणाच्या अंगाने. लिंग चुकले, वचन चुकले, वाक्य वाकडे गेले. शास्त्रीबुवांची भाषा डौलदार होती यात शंका नाही, आणि तोच त्या परीक्षणाचा धोका होता. वाचक त्या डौलावर खूष होई आणि मूळ पुस्तक हाती घेण्यापूर्वीच त्याच्या ओठावर हसू आलेले असे. हसत उघडलेल्या पुस्तकातला प्रश्न मग कोणाला दिसणार? शेतकऱ्याचे पोर शाळेत का नाही, हा प्रश्न व्याकरणाने सुटत नाही, पण व्याकरणाने तो झाकता येतो. १८८५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्याकडून मराठी ग्रंथकारांच्या सभेचे आमंत्रण आले, ते जोतीरावांनी पत्र लिहून नाकारले. ते पत्र आज पुष्कळांना माहीत आहे. त्यामागे परीक्षणाचा हा अनुभव असणार, असे मला वाटते.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग परीक्षण नकोच. मला तसे म्हणता येत नाही. बाबासाहेबांनीही तसे म्हटले नाही.

लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने १९३६ साली बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषण छापून होत होते. मंडळींनी ते परिषदेपूर्वीच पाहिले आणि पत्रे सुरू झाली. वेदांवरचा भाग गाळा, हिंदू म्हणून हे माझे शेवटचे भाषण असा जो सूर आहे तो काढा. स्वल्पविरामही बदलणार नाही, असे बाबासाहेबांनी कळवले. परिषद बारगळली. वाचनापूर्वीचे परीक्षण याहून उघडे कोठे दिसणार? ऐकणारे अजून लाहोरला जमायचेच होते, आणि त्यांच्या वतीने नापसंती आधीच ठरून गेली होती.

बाबासाहेबांनी भाषण स्वतःच्या खर्चाने पुस्तकरूपाने काढले. पंधराशे प्रती दोनेक महिन्यांत संपल्या. जुलैत गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिले. कोणाही सुधारकाला हे भाषण दुर्लक्षिता येणार नाही असे म्हणत त्यांनी मतभेद मांडले, आणि आठ आणे किंमत फार झाली, दोन नाही तर चार आणे ठेवायला हवी होती, असेही सुचवले. (पुस्तक महाग पडते हे ज्यांच्यासाठी खरे होते त्यांच्या वतीने हे कोणीतरी बोलले, एवढे श्रेय देऊ.) आता १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीची मांडणी पाहा. सुरुवातीला मंडळाशी झालेला पत्रव्यवहार. मग भाषण, एक अक्षर न गाळता. त्यानंतर परिशिष्टात गांधीजींचे परीक्षण, आणि त्याच्या पाठीला बाबासाहेबांचे उत्तर.

ही पानांची मांडणी मला फार महत्त्वाची वाटते. विरोधकाचे परीक्षण बाबासाहेबांनी लपवले नाही, फेकले नाही, उलट स्वतःच्या पुस्तकात स्वतःच्या पैशाने छापले. पण त्याची जागा ठरवली. पत्रव्यवहार आधी ठेवला, कारण हे भाषण का झाले नाही याची ती हकिगत आहे, आणि हकिगत आधी कळल्याने वाचक आंधळा होत नाही. निकाल मात्र मजकुरानंतर. वाचकाने आधी स्वतः वाचावे, मग दुसऱ्याचे मत ऐकावे, मग लेखकाचे उत्तर. कोर्टातही पुरावा आधी आणि निकाल मागाहून असतो, आणि बाबासाहेब बॅरिस्टर होते.

आपल्या साहित्याच्या पुढच्या वाटचालीला ही कसोटी लावून पाहावी. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' १९५९ ची. ती अर्पण केली बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला, आणि प्रस्तावना वि. स. खांडेकरांची. खांडेकरांच्या आस्थेबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण सोसायटीचे कर्ज काढताना जामीनदार लागतो, तसा आमच्या पुस्तकाला जामीनदार लागत होता. तो भला माणूस असला तरी जामीनदाराच्या सहीशिवाय पैसे सुटत नाहीत, ही व्यवस्था तशीच राहते.

'गोलपिठा'चे तसे नाही. १९७२ साली निघालेल्या त्या संग्रहाला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. नामदेव ढसाळ आमच्याच पुणे जिल्ह्यातले, खेड तालुक्यातल्या पूर गावचे. पण त्यांची कविता ज्या मुंबईची, ती पांढरपेशा वाचकाने पाहिलेली नव्हती. तेंडुलकर तेथे हिंडून आले, आणि या कवितेतले कितीतरी शब्द आपल्याला समजत नाहीत हे त्यांनी प्रस्तावनेत सरळ लिहिले. मोठ्या लेखकाने 'मला येत नाही' असे म्हणणे मराठीत विरळाच. अशी प्रस्तावना आधी वाचली तरी बिघडत नाही, कारण ती निकाल देत नाही, वाचणाराला आपल्याबरोबर अडखळू देते.

आणि आपण? येथे थोडे कडू बोलावे लागेल. 'बलुतं' १९७८ अखेरीस आले तेव्हा पु. ल. देशपांड्यांनी त्याच्याबद्दल आस्थेने लिहिले, आणि आपल्यातलेच कितीजण मात्र, घरची लक्तरे वेशीवर टांगली, म्हणून दया पवारांवर रागावले. ते पुस्तक न उघडताच त्याच्यावर रागावलेली माणसे मला आजही भेटतात. दगडू मारुती पवार दया पवारांना आपली कहाणी सांगतो, एकाच माणसाचे दोन तुकडे समोरासमोर बसतात, ही त्या पुस्तकाची रचना त्यांच्या गावीही नसते. दुसरीकडे आपले समीक्षक. एखादा कथासंग्रह आला की 'धगधगता अंगार', 'ज्वालामुखी', 'शब्द नव्हे शस्त्र'. मीही असे लिहिले आहे. मार्गदर्शिकेतला 'आक्रोश' आणि आपला 'अंगार' यांत फरक नियतीचा आहे, परिणाम एकच. दोन्हींनी कथेला आधीच नाव पडते, आणि वाचणारा त्या नावाला जुळेल तेवढेच त्यातून उचलतो.

तरीही परीक्षणाचे ऋण मी विसरत नाही. दौंडच्या कॉलेजात शिकत असताना बागुल, केशव मेश्राम, शंकरराव खरात ही नावे मला कळली ती परीक्षणांतून. पुस्तके मिळत नव्हती, पुस्तके आहेत ही बातमी मिळत होती. अशा त्रैमासिकाच्या शेवटच्या पानांवरून नावे वहीत उतरवून ठेवायची आणि पुण्याला कधी जाणे झाले तर शोधायची. ज्याला दुकान नाही, वाचनालय नाही, त्याला परीक्षण हीच वाट. त्या वाटेने पुस्तकापर्यंत न जाता मी वाटेतच घर बांधले, एवढाच माझा गुन्हा.

ते घर मोडले एका विद्यार्थिनीने. वडील कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यात कंत्राटी कामावर, ती एफ. वाय. ला. तिने मार्गदर्शिका विकत घेतली नव्हती, पैसे नव्हते म्हणून. ग्रंथालयातून मूळ पुस्तक नेले होते. मी फळ्यावर 'आक्रोश' लिहिले तेव्हा ती उठून म्हणाली, "सर, आक्रोश कुठंय? एवढा मार खाल्ल्यावर तो माणूस किती शांत बोलतोय. ओरडतंय कोण यात?"

मला उत्तर येईना. तास संपल्यावर तिच्याकडून पुस्तक मागून घेतले आणि त्या रात्री कथा पहिल्यांदा वाचली. जात लपवून गुजराथेत रेल्वेच्या नोकरीवर गेलेला तरुण. जात ठाऊक नाही तोवर त्याच्या शब्दाला मान, त्याच्या विद्वत्तेचे कौतुक. जात कळते आणि त्याच क्षणी आधीचे सगळे कौतुक रद्द. माणूस तोच, शब्द तेच. शेवटी काशिनाथ त्याला मारातून सोडवतो, आणि मार खाल्लेला तो मारणाऱ्या माणसांच्या कितीतरी पलीकडे, हजारो वर्षांमागे बोट दाखवतो. पोरीचे बरोबर होते. तो आवाज चढवत नाही. आणि आपण वाचतो आहोत ती आपल्याच प्रश्नावरची गोष्ट आहे, हेही मला त्या रात्री कळले. जात हे आपल्याकडचे सर्वांत जुने परीक्षण. माणूस तोंड उघडण्याआधी ते वाचून झालेले असते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितले की ही कथा मी काल वाचली. कोणी हसले नाही, याचे आश्चर्य वाटले. नंतर लक्षात आले, त्यांना ते नवे नव्हते.

यंदा मी कथेच्या झेरॉक्स काढून वाटल्या. प्रस्तावना नाही, टीप नाही. एका मुलाने विचारले, "सर, वाचायच्या आधी काहीतरी सांगा ना गोष्टीबद्दल." मी म्हटले, बागुल नाशिकचे, पुस्तक १९६३ चे, गोष्ट रेल्वेच्या कामगारांमधली. त्याने आणखी थोडी वाट पाहिली. मग कागद घडी करून खिशात घातले. दुसऱ्या दिवशी म्हणाला, दौंडहून कुरकुंभला जाताना टमटममध्ये अर्धी झाली, पुढे अंधार पडला. उरलेली वाचायला तो ग्रंथालयात बसला. शिपाई कुलूप घेऊन माझ्याकडे आला तेव्हा साडेपाच होऊन गेले होते.