फळी, फिन आणि फणसाचे झाड

१/
करी रोड स्थानकाच्या पूर्वेला उतरून लालबाग, काळाचौकी ओलांडत समुद्राच्या दिशेने गेल्यास रे रोडपलीकडे दारूखाना लागतो. तेथल्या एका धक्क्याचे नाव आजही ‘लाकडी बंदर’ असे आहे. गिरण्यांचे भोंगे थांबले, चाळींच्या जागी टॉवर आले. या नावात मात्र मुंबईचा एक जुना प्रश्न टिकून आहे. पाण्यात उतरणाऱ्या वस्तूसाठी लाकूड कोणते घ्यावे, आणि कोणाचे घ्यावे?

२/
घरच्या घरी लाँगबोर्ड, म्हणजे साधारण नऊ फूट किंवा त्याहून लांब सर्फबोर्ड, बनवू पाहणाऱ्यालाही आज दोन निर्णय घ्यावे लागतात. फळी कशाची करायची? आणि तिच्या मागच्या टोकाखाली बसवायची फिन, म्हणजे माशाच्या परासारखी उभी पाती, केवढी ठेवायची? हे दोन्ही प्रश्न मुळात नौका बांधणाऱ्यांचे आहेत.

३/
लाटेवर फळी घेऊन स्वार होण्याची कला हवाई बेटांवर वाढली. तेथे ‘ओलो’ ही सर्वांत लांब फळी सरदारवर्गासाठी राखीव असे आणि ती ‘विलिविली’ नावाच्या अतिशय हलक्या लाकडाची करत. हे झाड कोकणातल्या पांगाऱ्याच्या कुळातले. ‘अलाया’ ही तुलनेने आखूड, पातळ फळी ‘कोआ’ किंवा ‘उलू’ या लाकडाची असे. उलू म्हणजे आपल्याकडचा नीरफणस, फणसाचा सख्खा भाऊबंद. हलकेपणा हवा की मजबुती, हा निवडीचा पहिला निकष तेव्हाच ठरला होता.

४/
दुसरा निकष वेगळा होता. फळीसाठी झाड निवडल्यावर कारागीर त्याच्या बुंध्याशी लाल रंगाचा ‘कुमु’ मासा ठेवी आणि मगच कुऱ्हाड चालवी. झाड पडल्यावर मुळाशी खड्डा करून तो मासा प्रार्थनेसह त्यात पुरला जाई. झाड घेतले, तर त्याचे काही देणे लागते, असा या रिवाजाचा अर्थ. हे देणे पुढे कोकणच्या इतिहासात वेगळ्या रूपात भेटते.

५/
या जुन्या फळ्यांना फिन नव्हती. त्यामुळे उभ्या लाटेवर फळीचे मागचे टोक बाजूला घसरे. १९३५ मध्ये टॉम ब्लेक या अमेरिकन सर्फरने एका टाकून दिलेल्या मोटारबोटीच्या तळाची धातूची पाती काढून आपल्या फळीखाली बसवली आणि ते घसरणे थांबले. सर्फबोर्डची फिन अशी थेट होडीकडून आली. तिचे तत्त्व सोपे आहे. पाण्यात उभी असलेली पाती आडव्या घसरणीला विरोध करते. पाती मोठी असेल तर फळी सरळ आणि स्थिर चालते. लहान असेल तर चटकन वळते, पण लवकर निसटते. लाँगबोर्डला बहुधा एकच मोठी फिन देतात, ती याच स्थैर्यासाठी.

६/
शिडाच्या जहाजात हे काम तळाशी लांबीभर जाणारा कणा आणि पाण्याखालचा खोल भाग करतो. वारा बाजूने दाबत असताना जहाज आडवे सरकू नये, म्हणून युरोपीय जहाजे खोल तळाची असत. पण खोल तळाला खोल पाणी लागते, आणि कोकणचा किनारा खाड्यांचा, वाळूच्या दांड्यांचा आणि भरती-ओहोटीचा. तेथे खोल तळ म्हणजे अडकून पडण्याची हमी.

७/
म्हणून मराठ्यांच्या गुराबा आणि गलबते उथळ तळाची होती. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने त्यांची मापे नोंदवली आहेत. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन डोलकाठ्यांची १५० टनांपर्यंत. रुंदी लांबीच्या मानाने जास्त आणि तळ अगदी कमी पाण्यात चालणारा. गलबत क्वचितच ७० टनांच्या वर जाई आणि त्याला ४० ते ५० वल्ही असत. वारा पडला की गलबते गुराबांना ओढून नेत.

८/
या निवडीत फायदा होता तसा तोटाही होता. खुल्या समुद्रात, जोराच्या वाऱ्यात, उथळ तळाची नौका अधिक घसरते. तेथे मोठ्या इंग्रजी जहाजाचे पारडे जड असे. पण किनाऱ्यालगत, खाडीच्या तोंडाशी, वारा मंद असताना तेच जहाज जागच्या जागी खिळे आणि वल्ही मारत येणारे गलबत त्याच्या पिछाडीला पोहोचे. कान्होजी आंग्रे यांच्या काळात इंग्रजांनी १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर हल्ला केला. दोन्ही हल्ले फसले. त्यात किल्ल्यांचा वाटा मोठा होता, आणि किनारा ओळखून बांधलेल्या आरमाराचाही.

९/
हा विचार कागदावरही सापडतो. रामचंद्रपंत अमात्य यांनी १७१५ च्या सुमारास, कोल्हापूरच्या दुसऱ्या संभाजीराजांच्या काळात, ‘आज्ञापत्र’ सिद्ध केले. शिवकाळापासून राज्यकारभार पाहिलेल्या या माणसाने आरमारावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. नौका फार मोठ्या नकोत, फार लहानही नकोत, मध्यम असाव्यात. वाऱ्याशिवाय उपयोगी न पडणारी प्रचंड जहाजे बांधण्याचे प्रयोजन नाही, असा त्यातला विचार आहे.

१०/
लाकडाविषयीचा भाग त्याहून महत्त्वाचा. राज्यातल्या अरण्यांत सागवानासारखे वृक्ष आहेत. त्यांतले सोयीचे पडेल ते हुजूरची परवानगी घेऊन तोडावे. आणखी लागेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा आणि फणस यांचे लाकूडही आरमाराच्या कामाचे, तरी त्याला हात लावू नये. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. झाड अगदीच जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. बळजबरी सर्वथा करू नये.

११/
हा उतारा अनेकदा केवळ पर्यावरणप्रेमाचा नमुना म्हणून सांगितला जातो. नीट वाचल्यास त्यातला मुख्य धागा रयतेचा आहे. अंगणातला फणस कुटुंबाला वर्षानुवर्षे फळ देतो. आरमारासाठी तो एका दिवसात तोडला, तर ते घर पिढीभर ते नुकसान सोसते. आज्ञा लिहावी लागली, यावरून अशी तोड होत असावी किंवा तिची भीती असावी, हेही उघड आहे. आज्ञापत्र राज्य कसे असावे ते सांगते; प्रत्येक झाड वाचल्याची ती नोंद नव्हे.

१२/
पुढचा टप्पा मुंबईचा. १७३०च्या दशकात सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी जहाजबांधणीकार मुंबईत आले. १७५० मध्ये येथे कोरडी गोदी तयार झाली. वाडियांचे लाकूड म्हणजे मलबारचे सागवान. ओकच्या लाकडातले आम्ल लोखंडी खिळे खाते. सागवानातले तेल त्यांना जपते. फळ्या एकमेकींत खाच करून बसवत आणि सांध्यात कापूस व राळ भरत. इंग्लंडमध्ये ओकची टंचाई असताना मुंबईच्या जहाजांना मागणी आली, ती या गुणांमुळे.

१३/
याचा पुरावा आजही पाण्यावर आहे. ‘ट्रिंकोमाली’ या लढाऊ जहाजाचे आराखडे मुंबईला आणणारे ‘जावा’ हे जहाज १८१२ मध्ये अमेरिकन ‘कॉन्स्टिट्यूशन’शी झालेल्या लढाईत गेले, आणि आराखडेही त्यासोबत गेले. नवे आराखडे आल्यावर जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या हाताखाली बांधणी झाली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरले. आज ते इंग्लंडमधल्या हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. सागवानाने दोनशे वर्षे पार केली.

१४/
पण ते सागवान कोणाचे होते? १८०६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने कॅप्टन वॉटसन याला मलबारसाठी वनसंरक्षक नेमले. पुढे सागवानावर सरकारी मालकी जाहीर झाली आणि खासगी तोडीला बंदी आली. जमीनमालकांची, व्यापाऱ्यांची आणि रयतेची तक्रार इतकी वाढली की १८२३ मध्ये मद्रासचा गव्हर्नर थॉमस मन्रो याच्या कारकिर्दीत ही मक्तेदारी रद्द करावी लागली. शंभर वर्षांपूर्वी अमात्यांनी ‘धन्याला राजी करून’ असे बजावले होते. कंपनीने धनीच बदलला. ट्रिंकोमालीचे कौतुक करताना ही बाजूही सोबत ठेवावी लागते.

१५/
सर्फबोर्डच्या इतिहासातही मक्तेदारी आली. दुसऱ्या महायुद्धानंतर बाल्साच्या हलक्या फळीवर काचेच्या धाग्यांचे कापड आणि कृत्रिम राळ यांचा थर चढू लागला. १९५८ च्या सुमारास होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमचा गाभा प्रचारात आणला. पुढे अमेरिकेतले बहुतेक फळीकार क्लार्कच्या एकाच कारखान्यावर अवलंबून राहिले. ५ डिसेंबर २००५ रोजी तो अचानक बंद झाला आणि कारागिरांच्या हातचा कच्चा माल एका दिवसात तुटला. त्यानंतर पॉलिस्टायरीन फोम, इपॉक्सी राळ आणि पुन्हा एकदा लाकूड यांकडे अनेकांचे लक्ष वळले.

१६/
वाडियांच्या सांध्यातला कापूस आणि राळ, आजच्या फळीवरचे काचेचे कापड आणि राळ: पाणी बाहेर ठेवायला धागा आणि राळ हीच जोडी कामी आली. कोकणातल्या अनेक लाकडी होड्यांवरही आता फायबरचा थर दिसतो. फिनचे माप लाटेकडे पाहून ठरते, तळाची खोली किनाऱ्याकडे पाहून, आणि गाभा वजनाकडे पाहून. ही सारी मापे कारागिराला समुद्र शिकवतो.

१७/
लाकूड कोणाच्या अंगणातून आले, हे मात्र समुद्र विचारत नाही. हवाईतल्या कारागिराने ते देणे माशाने फेडले, अमात्यांनी मोबदला आणि संमती यांनी फेडायला सांगितले, कंपनीने ते नाकारले. करी रोडहून लाकडी बंदराकडे जाणाऱ्या तरुणाने नवी फळी हाती घेण्याआधी तिचे वजन आणि रेषा जरूर पाहाव्यात. ती कोठून आली, एवढे विचारायलाही वेळ लागत नाही.