प्रोस्टेट कर्करोगनिदान : संगणकीय प्रतिमाविश्लेषण

प्रोस्टेट ग्रंथीच्या एमआरआय किंवा सोनोग्राफी प्रतिमांतील संशयित जागा संगणकाच्या साहाय्याने शोधण्याची, मोजण्याची आणि बायॉप्सीची सुई नेमकी तेथे नेण्याची पद्धती. प्रोस्टेट अथवा अष्ठीला ग्रंथी पुरुषांच्या मूत्राशयाखाली मूत्रमार्गाभोवती असते.

पार्श्वभूमी : रक्तातील पीएसए या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणाऱ्या प्रथिनाचे प्रमाण कर्करोगात वाढते, तसेच ते वयपरत्वे ग्रंथी वाढल्याने किंवा जंतुसंसर्गानेही वाढते. त्यामुळे केवळ रक्ततपासणीवरून निदान होत नाही. 1989 पासून सोनोग्राफीच्या आधारे ग्रंथीच्या सहा ठरलेल्या भागांतून नमुने घेण्याची रीत रूढ झाली. पुढे नमुन्यांची संख्या वाढली. तरीही या भागांबाहेरची गाठ निसटत असे.

कार्यपद्धती : एमआरआयमध्ये ग्रंथीची रचना आणि पेशींमधील पाण्याची हालचाल दिसते. दाट पेशींच्या गाठीत ही हालचाल मंदावते. संशयाची पातळी 1 ते 5 अशा पाय-रॅड्स श्रेणीत नोंदवतात. सॉफ्टवेअर ग्रंथीची सीमा आखते, आकारमान काढते आणि संशयित भाग रंगवून दाखवते. फ्यूजन बायॉप्सीत आधीची एमआरआय प्रतिमा चालू सोनोग्राफीवर जुळवतात.

पुरावा : ब्रिटनमधील प्रॉमिस अभ्यासात (2017) 576 पुरुषांची तपासणी झाली. उपचारयोग्य गंभीर कर्करोग ओळखण्याची संवेदनक्षमता एमआरआयची 93 टक्के, तर जुन्या पद्धतीच्या बायॉप्सीची 48 टक्के आढळली. पाय-काय अभ्यासात (2024) कृत्रिम बुद्धिमत्तेची अचूकता 62 क्ष-किरणतज्ज्ञांच्या सरासरीपेक्षा सरस ठरली. मात्र त्यातील प्रतिमा युरोपीय रुग्णालयांतील होत्या. भारतीय रुग्णांवर स्वतंत्र पडताळणी आवश्यक आहे. कर्करोगाचा अंतिम निर्णय आजही बायॉप्सीतील ऊतींच्या तपासणीवरूनच होतो.

केळापूर तालुक्याच्या संदर्भात : यवतमाळ जिल्ह्यातील या तालुक्याचे मुख्यालय पांढरकवडा येथे आहे. रक्ताचा नमुना गावाजवळ देता येतो. एमआरआय, बायॉप्सी व उपचारांसाठी यवतमाळ किंवा नागपूर गाठावे लागते. यवतमाळला श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तर नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. डायकॉम या सामाईक स्वरूपात साठवलेल्या प्रतिमा दूरच्या तज्ज्ञालाही पाठवता येतात. त्यामुळे दुसऱ्या मतासाठी दरवेळी प्रवास करण्याची गरज उरत नाही, आणि मजुरी बुडवून येणाऱ्या कुटुंबाला याचे मोल फार आहे. 2012 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय कर्करोग ग्रिड देशभरातील रुग्णालयांना समान उपचारनिकषांनी जोडते.

रुग्णांसाठी : लघवीला वारंवार जावे लागणे, धार बारीक होणे ही लक्षणे म्हातारपणाची समजून अंगावर काढू नयेत, लघवीत रक्त दिसल्यास तपासणी त्वरित करावी. सुरुवातीचा कर्करोग बहुधा लक्षणांविना असतो. म्हणून पन्नाशीनंतर पीएसए तपासणीबाबत डॉक्टरांशी बोलावे. वडील किंवा भावाला हा आजार झाला असल्यास ही चर्चा आधीच करावी. पुढच्या रुग्णालयात जाताना छापील अहवालासोबत मूळ प्रतिमांची सीडी न्यावी. सॉफ्टवेअरला आणि तज्ज्ञाला दोघांनाही तीच लागते.